कानातले रातकिडे

खाणीत साठ-सत्तर माणसं कामाला होती, आणि म्हाताऱ्याच्या मते त्यातली साठ-सत्तरही बिनडोक होती. थंडीच्या दिवसांत सकाळी तो कड्यावरच्या आपल्या ठरलेल्या जागी टेकायचा, हात काखेत घालायचा आणि एकेकाचा समाचार घ्यायचा. मनातल्या मनात नाही, चांगला सगळ्यांना ऐकू जाईल असा. "हा बघा, घण उचलतोय की झोपलेलं पोर? हळू रे बाबा, उठेल ते!" "आणि तो तिकडचा. छिन्नी धरलीय का उवा मारतोय?" माणसं हसायची, चिडायची, पण उलट कोणी बोलायचं नाही. कारण म्हातारा ऐकणारा होता.

त्या खाणीत मोठ्या शिळांना सुरुंग लावत नसत. सुरुंगाने दगडाच्या पोटात बारीक चिरा जातात, मग ती शिळा पुलाला चालत नाही. म्हणून दगडात ओळीने भोकं पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि एकामागून एक ठोकत न्यायच्या. घाव कोणत्या पाचरीवर घालायचा, किती जोराने, आणि थांबायचं कधी, हे सांगायचं काम ऐकणाऱ्याचं. तो मागच्या खडकावर बसतो, वाकून शिळेला छोट्या हातोडीने टिचकी मारतो आणि कान देतो. दगड आतून ताणला जातो तसा त्याचा सूर चढत जातो, आणि एका क्षणी बसका होतो. म्हणजे दगड सुटला. त्या क्षणी ऐकणारा "हट!" म्हणून ओरडतो आणि घणवाला घण टाकून बाजूला उडी मारतो. ओरडायला एका श्वासाचा उशीर झाला की खेळ खलास. पलीकडच्या खाणीत तसं झालं होतं. तिथल्या ऐकणाऱ्याचे कान गेले होते, पण तो कोणाला बोलला नाही. खालच्या माणसाला मग फावड्याने गोळा करावं लागलं. ही हकीकत म्हातारा वर्षातून दोन-तीनदा तरी सांगायचा आणि शेवटी थुंकायचा. "ऐकू येत नव्हतं तर तोंड उघडायला काय धाड भरली होती त्या गाढवाला? लाज वाटली म्हणे. लाज!"

म्हाताऱ्याच्या कड्यावर घण मारायला त्याचाच मुलगा होता, आणि पाचरी लावायला, भोकांतला भुगा काढायला, पाणी सोडायला सून. ऐकायची विद्या म्हाताऱ्याने चाळीस वर्षांत कोणाला दिली नव्हती. मुलाने लग्नाआधी एकदा भीत भीत विचारलं होतं. "तुझे कान टोपी अडकवायला दिलेत देवाने," असं म्हणून म्हाताऱ्याने विषय संपवला. सुनेने कधी विचारलंच नाही. तिला तर तो खिजगणतीतही धरत नसे. नऊ वर्षं ती त्याच्यापासून चार हातांवर उकिडवी बसून पाचरी लावत होती, आणि नऊ वर्षांत तिच्या तोंडून खाणीत नऊ वाक्यंही निघाली नसतील. म्हातारा तिला "आमची मुकी" म्हणायचा.

दुखणं दोन हिवाळ्यांपासूनचं होतं. आधी गुडघे, मग बोटं. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी फुगायची, सकाळी मूठ वळायची नाही. सदऱ्याची बटणं सून लावायला आली तेव्हा त्याने तिचा हात झटकला आणि सदरा तसाच उघडा टाकून थंडीत गेला. शेवटी मुलाने आणि सुनेने धरून नेलं म्हणून तो वस्तीच्या दवाखान्यात गेला होता. तिथे नर्सबाई होती, पंचविशीची असेल. तिने बोटं दाबून पाहिली, संधिवात म्हणाली, पुढच्या आठवड्यात डॉक्टर येतील त्यांना दाखवा म्हणाली, आणि तोवर दुखण्यासाठी पांढऱ्या गोळ्या दिल्या.

"आजोबा, नीट ऐका. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही. जेवण झाल्यावर, भांडंभर पाण्याबरोबर. कागदावर लिहिलंय तेवढीच. दुसरं काही दुखण्याचं औषध घेत असाल तर आधी मला दाखवायचं. कानात आवाज यायला लागला, पोटात जळजळलं, शी काळी झाली, तर गोळी बंद आणि सरळ इकडे यायचं. घरात लहान मूल आहे? मुलाला ताप आला तरी ही द्यायची नाही."

"मला ऐकायला सांगते!" म्हातारा वाटेत मुलाला म्हणाला. "मला! कालपर्यंत नाक पुसता येत नव्हतं, आज अकलेचे तारे तोडतेय. आणि डॉक्टर येणार म्हणे आठवड्याने. तो काय दगडाचा डॉक्टर आहे?" कागद त्याने चुना ठेवायच्या डबीखाली घातला, डॉक्टरकडे गेला नाही, आणि गोळ्या मात्र घेतल्या. गोळ्यांनी बोटं जरा सैल झाली. त्या संपल्यावर त्याने किराणावाल्याकडून तशाच मागवल्या. एवढ्या एका गोष्टीबाबत त्याचं जगाशी भांडण नव्हतं.

मग मुकादम कड्यावर आला. खालून वर चढेपर्यंत तो कुत्र्यासारखा धापा टाकत होता, आणि म्हातारा ते मजेत बघत बसला.

"पुलासाठी तीन शिळा हव्यात," मुकादम म्हणाला. "बारा-बारा हात, अखंड. पंधरा दिवसांत ट्रॅक्टर येतील. निघाल्या तर ठीक, कानसेन. नाही निघाल्या तर यंत्र आणतो. मग तुमच्या घरच्यांनी खाली खडी फोडत बसायचं."

"यंत्राला कान असतात का?"

"यंत्राला तोंड नसतं, तेच पुष्कळ," मुकादम म्हणाला आणि उतरला.

खडी फोडणं म्हणजे खाणीतलं सगळ्यात खालचं काम. ज्यांना काही येत नाही त्यांचं. म्हाताऱ्याने त्या रांगेकडे चाळीस वर्षांत मान वळवून पाहिलं नव्हतं. त्याने दुसऱ्या दिवसापासून गोळ्या वाढवल्या. पहाटे उठल्या उठल्या दोन, काळ्या चहाबरोबर, कारण जेवायला थांबलं तर मूठ वळेपर्यंत अर्धा दिवस जायचा. कड्यावर चढल्यावर दोन. दुपारी दोन. चहावालीच्या टपरीवर अंगदुखीच्या पुड्या टांगलेल्या असायच्या, त्या तो मधूनमधून जिभेवर टाकायचा. पुडी वेगळी, गोळी वेगळी, त्याचा हिशेब सरळ होता. आणि संध्याकाळी बाजारातून आणलेलं झणझणीत वासाचं मलम. ते गुडघ्यांना आणि बोटांना लोण्यासारखं थापून वर गरम फडकी गुंडाळायची. घरात त्या वासाने नातीला शिंका यायच्या.

"आबा, नर्सबाई म्हणाल्या होत्या की दुसरं काही घेत असलात तर…" सून एकदा म्हणाली.

"अरे वा! मुकी बोलली. चल, आता भाषणच ठोक."

म्हाताऱ्याच्या पोटात दिवसभर निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. शी डांबरासारखी काळी व्हायला लागली होती. काळा चहा पितो म्हणून होत असेल, असं त्याने स्वतःला सांगून टाकलं.

सहाव्या दिवशी त्याने सुनेला विचारलं, "यंदा रातकिडे दिवसाही ओरडतात की काय?"

तिने वर पाहिलं. "कुठे? नाही तर."

"बहिरी आहेस का? केवढा कालवा चाललाय."

तिने आजूबाजूला बघितलं आणि मग त्याच्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ. म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. रातकिडे उजव्या कानात होते. दुपारपर्यंत ते डाव्यातही आले.

त्याच दिवशी पहिली शिळा धरली होती. चौदा पाचरी बसल्या, मुलाने फेरा सुरू केला. ठण्, ठण्, ठण्. म्हातारा वाकून टिचकी मारत होता. सूर चढत असणार. चढायलाच हवा. पण टिचकीचा आवाज किरकिरीच्या पलीकडे कुठेतरी, ओल्या पोत्याखालून आल्यासारखा येत होता. त्याने कान शिळेला लावला. थंडगार दगड, आणि आत तेच रातकिडे. इतकी वर्षं केलंय, अंदाजाने जमेल, असं म्हणून त्याने हात वर केला. "मार! चवथीवर. अजून. जोरात, गाढवा!"

शिळा आडवी गेली. मधोमध, वाकडी, तुटलेल्या ताटलीसारखी. बारा हातांचा दगड, सहा दिवसांची भोकं, सगळं मातीत गेलं.

खाली सगळी खाण थांबली. म्हाताऱ्याने उभं राहून मुलाला शिव्यांची लाखोली वाहिली. मनगटात जोर नाही, डोळे गोट्या, बायकोच्या पदराखालून निघालास तर घण उचलेल तुला. मुलगा पस्तिशीचा होता, त्याच्या केसांत दगडाची भुकटी बसली होती, आणि तो खाली मान घालून ऐकत राहिला. मुकादम दुरून बघत होता. त्याने नुसते दात काढले.

दुसऱ्या शिळेच्या वेळी म्हातारा वर बसला तेव्हा त्याच्या पायांत कापरं होतं. थंडीने, असं तो म्हणाला. मुलाने ठोकायला सुरुवात केली. म्हाताऱ्याला घणाचा आवाज येत होता, पण दगडाचा येत नव्हता, आणि ऐकायचं तर ते. त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर सुनेवर पडली. ती चार हातांवर उकिडवी बसली होती, हात गुडघ्यांवर. घण पडला की तिची मान किंचित कलायची. एकदा कलली, दुसऱ्यांदा कलली. मग तिचा उजवा हात मुलाकडे उचलला गेला, अर्धाच, आणि तिने तो पटकन खाली घेतला.

म्हातारा ओरडला, "हट!"

मुलाने उडी मारली. शिळा सुटली, सरळ, कापल्यासारखी, आणि घसरत जाऊन खालच्या मातीवर बसली. खालून माणसांनी शिट्ट्या वाजवल्या. "कानसेन! आहेत हां अजून कान!"

म्हाताऱ्याने हात हलवला, पण त्याचं लक्ष सुनेकडे होतं. ती पाचरी गोळा करत होती, जणू काही झालंच नाही. हिला ऐकू येतं. या मुकीला, या बटणं लावायला येणारीला, सगळं ऐकू येतं, आणि नऊ वर्षं येत असणार. म्हाताऱ्याला एवढा संताप आला की त्याच्या तोंडाला फेस आला. आपण चाळीस वर्षं कडीकुलपात ठेवलं ते हिने शेजारी बसून उचललं, आणि वर ढेकरसुद्धा दिली नाही. आणि आपण काय केलं? तिच्या हाताकडे बघून ओरडलो. परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीवर बघणाऱ्या ढ पोरासारखं. हे शेवटचं त्याने झटकन मनातून काढून टाकलं आणि चहावालीकडून आणखी दोन पुड्या मागवल्या.

घरी नातीला ताप चढला होता. पाच वर्षांची पोर, अंग तव्यासारखं, छातीवर पाण्याचे फोड उठलेले. सून पाणी आणायला गेली होती. नात कण्हत होती, आणि म्हाताऱ्याला कण्हणं ऐकू येत नव्हतं, नुसती ओठांची हालचाल दिसत होती. ते त्याला बघवेना. त्याने एक पांढरी गोळी अर्धी मोडली, पाण्यात विरघळवली आणि वाटी पोरीच्या तोंडाशी नेली.

सून दारात आली, घागर तिथेच टाकली आणि धावत येऊन तिने वाटी हिसकावून घेतली. पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

"तिला नाही द्यायची! तोंडावर सांगितलं होतं त्यांनी, मुलांना नाही!"

"मी काय विष देतोय का?"

"असल्या तापात मुलांना ही गोळी बाधते. जिवावर बेततं. तापाचं औषध वेगळं असतं." ती ओरडत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा ओरडत होती, आणि म्हणूनच त्याला नीट ऐकू आलं. मुलगा दारात उभा होता. तो बापाच्या बाजूने बोलला नाही.

म्हातारा ओला सदरा घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसला. दोन पायांची माणसं सगळी शहाणी झालीत, तो पुटपुटला, फक्त आपणच काय ते मूर्ख. सकाळी सून पोरीला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात गेली. तिसरी शिळा त्याच दिवशी काढायची होती.

ही शिळा वाईट जागी होती. कड्याच्या तोंडावर पुढे आलेली, खालून पोकळ. पाचरी समोरून ठोकायच्या, म्हणजे घणवाला शिळेच्या तोंडासमोर, दीड हात रुंदीच्या कपारीवर उभा. सुटली की शिळा पुढे येणार आणि त्या कपारीवरूनच जाणार. डावीकडे उडी मारायला एक जागा, तीही ऐकणाऱ्याने वेळेवर ओरडलं तर.

"ती येईपर्यंत थांबू का?" मुलाने ओरडून विचारलं. "पाचरी ती लावते."

"पाचरी काय, कोणीही लावेल. तिची वाट बघत बसायचं का आता? सोनं लागलंय तिला?"

मुकादम आज मुद्दाम वर येऊन उभा राहिला होता, आणखी चार माणसं घेऊन. मुलगा कपारीवर उतरला. त्याने हातांवर थुंकलं, घण उचलला आणि वर बापाकडे पाहिलं. तो नेहमी तसं बघायचा. एवढ्या शिव्या खाऊनही बघायचा, लहान मूल रस्ता ओलांडताना बघतं तसं, आणि मग निश्चिंत होऊन समोर तोंड करायचा.

ठण्. म्हाताऱ्याने टिचकी मारली. रातकिडे. ठण्. टिचकी. रातकिडे. ठण्. आता तर टिचकीसुद्धा येत नव्हती. हातोडी पडतेय हे फुगलेल्या बोटांना कळत होतं, तेवढंच. त्याने चार हातांवर पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. नुसती पाण्याची बादली.

सहा घाव झाले. सात. आठवर एरवी सूर कुठे असतो? जुना दगड असेल तर आठवर, नवा असेल तर बारावर. आणि हा पोकळीवरचा, ह्याचं काही सांगता येत नाही. भोकातल्या भुकटीचा एक बारीक फवारा उडाला. घणाने उडाला की आतून? एक शब्द बोलायचा होता. तोंडाशी होता. मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता, मागे चारजण, आणि खाली सगळी खाण मान वर करून बघत होती. त्यातल्या एकेकाला म्हाताऱ्याने कधी ना कधी बिनडोक म्हटलं होतं.

"मला ऐकू येत नाही," म्हातारा म्हणाला.

कोणी हललं नाही. त्याला वाटलं होतं आपण ओरडलो, पण ते ओठांतल्या ओठांत राहिलं असावं. मुकादमाने हाताने खूण केली, चालू द्या. मुलाने घण उचलला, खांद्याच्या मागे नेला.

म्हाताऱ्याने हातातली हातोडी भिरकावली. ती मुलाच्या उजव्या खांद्यावर खाडकन बसली. मुलगा कळवळून डावीकडे कोलमडला, घण त्याच्या हातातून सुटून खाली गडगडत गेला.

"वेड लागलं का, आबा?"

"ऐकू येत नाही मला!" म्हातारा आता गुडघ्यांवर उभा होता आणि सगळ्या खाणीला ऐकू जाईल असं किंचाळत होता. "आठ दिवस झाले! काही ऐकू येत नाही! पहिली शिळा मी घालवली, ह्याने नाही! दुसरी सुनेने काढली! मला नुसतं किरर्र ऐकू येतं, किरर्र!"

सगळीकडे शांत झालं असावं. त्याला ते कळायला मार्ग नव्हता. मुकादमाचं तोंड हसण्यासाठी उघडलेलं त्याने पाहिलं. मग पाहिलं की सगळ्यांच्या माना पायवाटेकडे वळल्या. पायवाटेवर सून उभी होती, पोर पाठीवर. तिची मान कलली होती. तिने हात वर केला, या वेळी पूर्ण, आणि तिचं तोंड मोठं उघडलं. मुलाने डावीकडच्या जागेत स्वतःला झोकून दिलं.

शिळा कोणी न ठोकता सुटली. जरा पुढे झुकली, कपारीवरून घसरली आणि कपारीची कड सोबत घेऊन खाली गेली. म्हाताऱ्याला आवाज आला नाही. बुडाखालचा खडक हादरला आणि बादलीतलं पाणी उडालं, तेवढंच. धूळ खाली बसली तेव्हा मुलगा भिंतीला पाठ लावून उभा दिसला, खांदा धरून, अंगावर पांढरी भुकटी. खाली शिळा अख्खी पडली होती.

म्हातारा वरून रांगत उतरायला लागला आणि अर्ध्यात ओकला. ओकारीत कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काहीतरी होतं. सुनेने ते पाहिलं. तिने पोरीला बापाकडे दिलं, म्हाताऱ्याची औषधांची खाकी पिशवी उचलली आणि त्याचं मनगट धरलं. त्याने झटकायचा प्रयत्न केला, पण हातात जोर नव्हता. सगळ्या खाणीसमोरून, खडी फोडणाऱ्यांच्या रांगेजवळून, तिने त्याला हाताला धरून चालवत नेलं. बायका हातोड्या थांबवून बघत होत्या. त्याने मान खाली घातली.

दवाखान्याच्या ओसरीवर वीसेक माणसं बसली होती. नर्सबाईने पिशवी टेबलावर उलटी केली. गोळ्यांची पाकिटं, फाडलेल्या पुड्या, मलमाच्या चपट्या डब्या. ती एकेक उचलून मागचं बारीक छापलेलं वाचत गेली. मग तिने त्याच्या कानाशी तोंड आणलं आणि जिवाच्या आकांताने ओरडली, कारण त्याशिवाय त्याला ऐकू येत नव्हतं.

"आजोबा! नावं तीन आहेत! औषध एकच आहे! गोळीत तेच, पुडीत तेच, मलमातही त्याचाच भाऊ! तिप्पट घेताय तुम्ही! त्याने कानात आवाज येतोय!"

ओसरीवरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"शी कशी होते? काळी होते का? डांबरासारखी?"

म्हाताऱ्याने ओसरीकडे पाहिलं. मग सुनेकडे. "होते," तो म्हणाला.

"किती दिवस?"

"आठ. नऊ."

नर्सबाईने डोक्याला हात लावला नाही, काही शहाणपणा शिकवला नाही. शिकवला असता तर त्याला बरं वाटलं असतं, तिला शिव्या तरी देता आल्या असत्या. तिने त्याची नाडी धरली, फोन लावला आणि पुन्हा कानाशी आली. "पोटातून रक्त जातंय! मोठ्या दवाखान्यात जायचं आता, जीप बोलावलीय! कान बहुतेक परत येतील, औषध अंगातून उतरलं की! पण रक्ताचं आधी बघायला हवं! आणि हाताचं डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही!"

ते बाकावर बसले. थोड्या वेळाने मुकादमाचा माणूस सायकलवरून आला. तो म्हाताऱ्याकडे न बघता सुनेशी बोलायला लागला, हातवारे करत.

"काय म्हणतोय?" म्हाताऱ्याने विचारलं.

सून कानाशी वाकली. "फुटली तिच्या बदल्यात एक शिळा बाकी आहे! भोकं पाडून झालीत! उद्या ट्रॅक्टर येणार! मला बोलावलंय! ऐकायला!"

"मला नाही विचारलं?"

तिने मान हलवली.

म्हाताऱ्याने आपली फुगलेली बोटं मांडीवर पसरली. मग तो बोलायला लागला. त्याला वाटलं आपण तिच्यापुरतं, खासगीत, दबक्या आवाजात बोलतोय. पण स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नव्हता, आणि तो चाळीस वर्षं कड्यावरून ओरडलेला गळा होता. "घणाचा आवाज ऐकायचाच नाही! घण गेल्यावर मागे जे उरतं, ते ऐकायचं! कळलं का?"

ओसरीवरची माणसं दचकली. कोणीतरी हसलं. मुकादमाचा माणूस सायकलला टेकून उभा होता, त्याने कान टवकारले. सुनेने म्हाताऱ्याच्या दंडावर हात ठेवला आणि खूण केली, हळू, सगळे ऐकतायत. त्याला वाटलं तिला अजून नीट ऐकू येत नाहीये. त्याने आवाज चढवला.

"थंडीत दगड उशिरा बोलतो! ऊन लागल्याशिवाय शेवटचा फेरा घ्यायचा नाही! पोकळीवरचा असेल तर सूर चढतच नाही, सरळ बसतो, तिथे कानावर जायचं नाही, तळहात लावायचा! दोन्ही टोकांच्या पाचरी आधी, मधली सगळ्यात शेवटी! आणि शंका आली तर ओरड! लवकर ओरडलीस तर फक्त दगड जातो!"

म्हातारी माणसं, तापाची पोरं, पोरांच्या आया, सगळी त्याच्याकडे बघत होती. काही जण उघड हसत होते. सून हसत नव्हती. ती बाकावर त्याच्याकडे वळून बसली होती, मान कलती करून. जीप आली, दोघांनी त्याला बगलेत धरून उठवलं, तरी तो पाचरींच्या तेलाबद्दल सांगतच होता.